डाकेचा दुसरा मानूस

तवा तिथी कोन कोन होतं ते आधी सांगतो, नाईतर मागून कोनी मनाचं का बुढी मनानं रचून सांगून राह्यली. मी होती. माहा नवरा होता, तो डाकेचा थैला पाठीवर घेऊन जंगलातून जाये. माही सासू होती, तिले मी आत्या मनो. शेजारची वयनी होती. माह्या नवऱ्याच्या आधी तिचा नवरा तोच थैला नेत होता, त्याले वाघानं नेलं. शाळेचे मास्तर होते, शाळेच्या खोलीतच डाकघर होतं अन् ते त्यायच्या ताब्यात. आमच्या ढिवराच्या, मनजे मासोळी धरनाऱ्याच्या, जातीचा मोठा पंच होता. एक खासदार येऊन गेले, अन् एक डाकेचा साहेब. एवढेच. नावं सांगत नाई. सारे गेले, मीच उरली.

तवा मले लिवता येत नोतं. मोठ्या बायांची शाळा लय वर्सानं आली, तवा शिकली. आता अक्षर जोडून जोडून लिवतो.

आमचं गाव नदीच्या काठाले, गडचिरोलीच्या आत. आता तिथवर बस जाते. तवा मोटार जिथी थांबे ते गाव चार कोस दूर होतं, अन् मधात सारं जंगल. सकाळी माहा नवरा आमच्या गावचा थैला घेऊन निघे, तिकडचा थैला घेऊन सांजेले परत ये. सरकारी कागदावर त्याले रनर मनत. हातात सरकारी काठी, वर लोखंडी टोक, खाली घुंगरू बांधलेले. काठी जमिनीवर आपटत चालाचं, मनजे जनावर बाजूले होते, असं सरकारचं मननं.

ते काठी त्याच्या आधीच्या रनरची, मनजे वयनीच्या नवऱ्याचीच. तो गेला तवा नाल्यात थैला सापडला, काठी सापडली. मानसाचं जे सापडलं ते धोतराच्या धडप्यात मावलं. थैला अन् काठी सरकारचा माल, मनून मास्तरानं जमा करून घेतला अन् महिनाभरानं तेच काठी माह्या नवऱ्याच्या हातात देली. दुसरा कोनी तयार नोता. आमचा तलाव त्या वर्सी आटला होता, मासोळी नोती, मनून हा तयार झाला.

रोज सांजेले मी चुलीपुढं बसो अन् कान बाहेर ठेवो. भात शिजला का नाई ते पाहाचं ध्यान नसे. घुंगरू लांबून ऐकू आले का मंग मी श्वास सोडो. शेजारी वयनी काय करे माहीत हाय का? घुंगरू वाजले का ते घरात जाऊन दार लावून घे. दोन बाया, एकच आवाज. मी त्याची वाट पाहो, वयनी त्याले भेये. आमी कधी त्याबद्दल बोललो नाई.

पहिली वोटिंग झाली तवा मीबी गेल्ती. यादीत माहं नाव नोतंच, "अमक्याची बायको" असं लिवलं होतं, कारन घरी साहेब आला तवा मी आत पळून गेली अन् आत्यानं तेवढंच सांगतलं. लोखंडी पेट्या ठेवल्या होत्या, दर पेटीवर चित्र. मी एका पेटीत कागद टाकला अन् घरी आली. मले वाटलं, झालं, संपलं.

मंग एका हिवाळ्यात, धान चुरनं, मनजे मळनी, चालू होतं तवा, खासदार गावात आले. खऱ्यावर सतरंजी टाकली. पंच बोलला, मास्तर बोलले, तलावाच्या पाळीची, मनजे बांधाची, गोठ झाली. खासदार मनले, पाळीचं काम राज्याच्या, मनजे तवाच्या नागपूरच्या, सभेचं हाय, मी तिथी सांगतो, पन मी बसतो दिल्लीच्या सभेत. मास्तरानं इचारलं, दिल्लीच्या सभेच्या हातात काय काय हाय? ते मनले, रेल्वे हाय, फौज हाय, डाक हाय.

डाक मनल्याबरोबर मी उठली. काऊन उठली ते मले आजबी सांगता येत नाई. मले वाटलं, आता नाई बोललो तर हा मानूस जाईन, मंग एक दिवस घुंगरू वाजनार नाई.

आत्यानं मागून माहा पदर धरला. "बस खाली! खासदार पाह्यला अन् जीभ फुटली काय तुले?"

मी मनली, "बाप्पा, माहा नवरा एकटा जाते. आधीच्याले वाघानं नेलं. त्याच्यासंगं दुसरा मानूस द्या. दोघं असले का वाघ येत नाई."

माहा नवरा तिथीच खाली मान घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले.

खासदारानं त्यायच्या मानसाले लिवाले सांगतलं. मंग त्या मानसानं शाईची डबी पुढं केली अन् मी आंगठा देला. माहा आंगठा कागदावर पहिल्यांदाच. घरी येऊन राखेनं घासला, तरी काळं गेलं नाई. आत्या मनली, "घास, घास. कागदावरचं घासून निंगन काय?"

तिथून भेव सुरू झालं. वाघाचं होतंच, त्यावर सरकारचं आलं.

आता आमच्या जातीत कसं होतं ते सांगा लागते, नाईतर पुढचं समजनार नाई. कोनाले गाऱ्हानं असलं तर तो पंचायतीत उभा राहे. आधी त्यानं पंचायपुढं पैसे ठेवाचे. गाऱ्हानं खरं निंगालं तर पैसे परत. खोटं निंगालं, नाईतर त्यानंच मागं घेतलं, तर पैसे गेले, अन् वरून साऱ्या पंचायले जेवन द्या लागे. ज्यानं नाई देलं तो जातीबाहेर. आमाले सभा मनजे तेवढंच माहीत.

मोहाचे फुलं पडाले लागले तवा मास्तराकडं पेपर आला. थैल्यातूनच आला, माह्या नवऱ्यानंच आनला. मास्तरानं सांजेले आमाले बलावलं. पंच आधीच येऊन बसला होता. मास्तर वाचून मनले, "तुमची गोठ दिल्लीत निंगाली. आपल्या खासदारानं सभेत मनलं का डाकेच्या खात्याच्या मागनीतून शंभर रुपये कमी करा, कारन जंगलातल्या रनरले सोबत नाई."

माहा नवरा मनला, "शंभर रुपये? माहे?"

मास्तर मनले, "तसं लिवलं नाई. पुढं लिवलं हाय का मंत्र्याचा जबाब झाल्यावर खासदारानं मागं घेतलं."

पंचानं बिडी इझवली. "मागं घेतलं?"

"हो."

"मंग गेलं," पंच मनला. "शंभर ठेवले होते, गाऱ्हानं मागं घेतलं, शंभर गेले. ज्याचं गाऱ्हानं त्याच्यावर येईन. याच्यापेक्षा मोठ्या सभेत जाता येत नाई काय, मास्तर?"

मास्तर भला मानूस, पन त्यायलेबी सारं माहीत नोतं. ते पुस्तकातलं सांगाले लागले. दिल्लीत दोन सभा हायत. खालच्या सभेत आपून वोट देऊन पाठवलेले बसते. वरच्या सभेत राज्याच्या आमदारायनं निवडलेले बसते. पन पैशाची गोठ खालचीच सभा ठरवते. वरची पाहू शकते, बोलू शकते, अडवू शकत नाई.

"मनजे अपीलबी नाई!" पंच मनला, अन् त्याचा चेहरा खरंच उतरला.

आत्या पुढं सरकून बसली. तिनं इचारलं, "मास्तर, त्या खालच्या सभेत मानसं किती बसते?"

"पाचशाच्या जवळ."

"पाचशे पंच!" आत्यानं कपाळाले हात लावला. "पाचशे पंचायले जेवन! अन् मासोळी खाते का ते लोक? का त्यायले तूप-पोळीच लागते?"

आज लिवताना मले हासू येते. तवा कोनीबी हासलं नाई. पंचबी नाई, मास्तरबी नाई. माहा नवरा तर असा बसला होता का जसा त्याले कोनी झाडाले बांधला. शंभर रुपये आमी कधी एका जागी पाह्यले नोते. डोंगा इकला, जाळं इकलं, तरी होत नोते. अन् ते सारं माह्या आंगठ्यानं.

घरी येताना तो एवढंच मनला, "अवं, तू काऊन उठली?"

मी घरी येऊन आंगठा पुन्हा राखेनं घासला.

पंधरा दिवसानं थैल्यात मास्तराच्या नावानं सरकारी लिफाफा आला. तोबी ह्यानंच चार कोस पाठीवर आनला. मास्तरानं फोडला. डाकेचा साहेब येनार, रनरबद्दल चौकशी कराची हाय, रनरनं हजर राहाचं. दिवस दोन दिवसावरच होता.

तो दिवस उजाडला तवा पाहतो तर अंथरून रिकामं. डोंगा घाटावर नाई. काठी दाराजवळ उभी. मी समजली. वरच्या डोहाकडं निंगून गेला होता, तिथी त्याच्या मामाची झोपडी होती.

आत्या रडली नाई. ते मनली, "जाऊ दे त्याले. साहेबाले मानूस भेटला नाई तर धरन कोनाले?" पन मास्तर धावत आले अन् मनले, "बाई, थैला पडून हाय. एक दिवस थैला पडून राह्यला का रपोट जाते, नोकरी जाते. मले शाळा सोडता येत नाई." ते गावात चार घरी जाऊन आले. चारी घरी मानसायनं नाई मनलं. उनाळा होता, नाल्याशिवाय दूरवर कुठी पानी नोतं, अन् वाघ उनाळ्यात पान्याजवळ राह्यते हे लेकरालेबी ठावं होतं.

मी थैला पाठीले बांधला. काठी उचलली. आत्यानं या वक्ती पदर धरला नाई. तिनं भाकर बांधून देली.

वयनीच्या दारापुढून जाताना घुंगरू वाजले. दार लावाच्या जागी ते बाहेर आली. हातात कुऱ्हाड होती, सरपन फोडाची.

"कुठी चालली?"

"डाक घेऊन."

"एकटी?" तिनं माह्याकडं पाह्यलं. "थांब. मी येतो."

मी घरी बसून वाघाचं भेव रोज भोगलं होतं, पन ते घरातलं भेव होतं. जंगलातलं वेगळं राह्यते. ते पोटात नाई, पाठीत राह्यते. मी काठी जोरजोरानं आपटत चालली. बांबूच्या बेटात काही सरकलं का मी थांबो. वयनी मागून मने, "चाल. थांबू नको. थांबलं का मानूस छोटा दिसते."

दीड कोसावर नाला लागला. उतारावर वानरं खोकलाले लागले, झाडाच्या शेंड्यावरून. वानर असं खोकलते तवा खाली वाघ असते, हे आमच्याकडं साऱ्याले माहीत. आमी दोघी पाठीले पाठ लावून उभ्या राह्यलो. तिची पाठ मले ऊन लागली. किती वेळ उभ्या होतो सांगता येत नाई. मंग वानरं चूप झाले.

नाल्याच्या काठाले दगडाचा ढीग होता, कंबरेएवढा. आमच्या जंगलात जिथी वाघानं मानूस मारला, तिथून जानारा येनारा एक दगड ठेवते. पन त्या वाटेनं जानारं येनारं असं होतंच कोन?

वयनी ढिगाकडं पाहत राह्यली. "मी दिवस घालाले आल्ती, तवा हा गुडघ्याएवढाबी नोता."

मले समजलं. माहा नवरा रोज जाताना एक दगड ठेवत होता, येताना एक. मले कधी बोलला नाई. मी तिले सांगतलं. तिनं एक दगड उचलून ठेवला, मीबी ठेवला.

तिथीच समोरून मानसाचा आवाज आला. बूट, खाकी कपडे, डोक्यावर टोपी. साहेब. संगं तीन मानसं, दोघाच्या हातात कुऱ्हाड, एकाच्या खांद्यावर बंदूक. मी वयनीच्या मागं सरकली. वानरं खोकलले तवा सरकली नोती, साहेबाले पाहून सरकली.

"ही सरकारी काठी तुमच्याजवळ कशी? रनर कुठे आहे?"

मी मनली, "घरी हाय. ताप आला." खोटं बोलली. माहा काळा आंगठा मी पदरात लपवला. काळा नोता, शाई कवाची गेली होती, तरी लपवला.

"मग दोघी कशाला? थैला तर एकच आहे."

वयनी बोलली. "एकटी आली असती साहेब, तर तुमाले थैला भेटला असता, बाई भेटली नसती."

साहेबानं तिच्याकडं निरखून पाह्यलं. "आणि हा ढीग कशाचा?"

"माह्या नवऱ्याचा," ते मनली. "तोबी एकटाच होता. तुमी किती जन आले साहेब? चौघं ना? बंदूकबी हाय. तुमाले एक दिवस एकट्यानं येनं झालं नाई. तिचा नवरा रोज येते."

बंदूकवाला खाली पाहाले लागला. मले वाटलं, आता झालं, आता दोघीले बांधते. मी साहेबाच्या पाया पडली. मनली, "साहेब, आंगठा माहा होता. त्याले काही माहीत नोतं. शंभर रुपये माह्यावर टाका, त्याची नोकरी नका काढू. डोंगा इकून देतो. पन पाचशे मानसाचं जेवन नाई होनार आमच्यानं."

साहेबाले आधी समजलंच नाई. दोनदा सांगा लागलं. समजलं तवा तो ढिगाजवळच्या दगडावर बसला अन् टोपी काढली. हासला नाई, हे त्याचं मोठेपन.

तो मनला, "बाई, ते शंभर रुपये कोणाचेच नाहीत. सरकारला वर्षभर जो पैसा लागतो, तो त्या सभेनं हो म्हटल्याशिवाय काढता येत नाही. म्हणून दर खात्याची मागणी घेऊन मंत्री सभेपुढं उभा राहतो. ज्याला गाऱ्हाणं सांगायचं असतं तो म्हणतो, यातले शंभर कमी द्या. मग मंत्र्याला जबाब द्यावाच लागतो. मंत्री म्हणाला, चौकशी करतो. म्हणून तुमच्या खासदारानं मागं घेतलं. हरला नाही तो. त्याच चौकशीला मी आलोय."

मी इचारलं, "अन् मागं नसतं घेतलं तर? सभेनं खरंच शंभर कमी केले असते तर?"

"तर सरकारवर सभेचा भरोसा नाही असं झालं असतं. सरकार पडायची पाळी."

"शंभर रुपयानं?"

"शंभर रुपयानं."

"मंग सीधं काऊन नाई सांगत, का रनरले सोबत द्या?"

साहेब मनला, "सांगतात. पण सरकारचा हात पैशासाठी पुढं असतो, तेव्हा ते जास्त लक्ष देऊन ऐकतं."

हे मले लगेच समजलं. त्यासाठी शाळा लागत नाई.

मंग त्यानं कागद काढला. वाट किती कोस, नाला कुठी, ढीग कुठी, सारं लिवलं. आमाले मोटारीच्या गावापर्यंत पोचवाले बंदूकवाला संगं देला अन् तो आमच्या गावाकडं चौकशीले गेला. येताना तोच आमच्या संगं आला. सांजेले गावात घुंगरू वाजले तवा आत्या वाटेवर उभी होती. तिनं मले इचारलं, "जेवन किती मानसाचं ठरलं?" मी मनली, "कोनाचंच नाई." तिनं थैला माह्या पाठीवरून उतरवला अन् मंग तिथीच खाली बसून रडली.

माहा नवरा दुसऱ्या दिवशी पहाटेच आला. साहेबानं त्याची गैरहजेरी लिवली, एक दिवसाची मजुरी गेली, माहं तापाचं खोटंबी पकडलं. पन नोकरी राह्यली. त्यानं काठी घेतली अन् पुन्हा जाऊ लागला. दुसरा मानूस लगेच आला नाई. साहेब मनला होता, पुढच्या वर्साच्या पैशाले सभा हो मनल्यावर येईन. तवापर्यंत गावातले लोक पाळीनं त्याच्यासंगं नाल्यापर्यंत जात. ज्या चार घरी नाई मनलं होतं, त्या घरचेबी गेले. पंचबी गेला, बिडी ओढत, साऱ्याईले सांगत का मीच मनलं होतं, दिल्लीची सभा भली हाय.

पुढच्या उनाळ्यात पल्याडच्या टोल्यावरचा, मनजे वाडीवरचा, एक गोंड भाऊ दुसरा रनर मनून लागला. त्याले नवी काठी आली, नवे घुंगरू. मंग सांजेले दोन काठ्या वाजत. वयनीनं दार लावनं सोडलं. मले मनली, "आता तो आवाज राह्यला नाई."

माह्या नवऱ्याले वाघानं नाई नेलं. म्हातारा होऊन, हिवतापानं, माह्या डोळ्यापुढं, खाटेवर गेला. पन भेव मेलं नाई. आजबी सांजेले चुलीपुढं माहे कान बाहेर जाते.

दिल्लीची ते सभा मी कधी पाह्यली नाई. तिथी माहं नावबी कोनाले माहीत नसन, आंगठाच गेला होता. पन मी उठली नसती तर आंगठाबी गेला नसता. मनून जो कोनी हे वाचन त्याले एवढंच मागतो. तुमच्या गावात कोनी खासदार आला, अन् तुमच्या घरची बाई बोलाले उठली, तर तिचा पदर मागं ओढू नका.